काविळीवाल्याची सून

रविवारी आमच्या घरात हळदीला हात लावायचा नाही, असा अप्पांचा दंडक होता. अप्पा म्हणजे माझे वडील. ज्या घराचं अर्धं शिवार हळदीचं, ज्याच्या न्हाणीतल्या दगडापासून मांजराच्या मिशांपर्यंत सगळं पिवळं, त्या घरात आठवड्यातून एकदा पांढरं वरण आणि पांढरी कढी शिजायची. कारण रविवारी कावीळ झालेली माणसं यायची. आमचं गाव कुरुंद्याच्या बाजूला. तिथं अप्पांना नावानं कोणी ओळखत नसे. काविळीवाले म्हटलं की जीपवाला बरोबर आमच्या दारात आणून सोडायचा. औंढ्याकडून, सेनगावकडून, पार परभणीकडून लोक यायचे. कुणी बैलगाडीत आडवं घालून आणलेलं, कुणी सायकलच्या कॅरेजवर बापाला धरून बसलेलं. ही सगळी माणसं कडुनिंबाखाली रांग धरून बसत. अप्पा अंघोळ करून उंबऱ्यावर येत. पेशंटला हात लावत नसत. निंबाच्या शेंड्याकडं बघायला सांगत. तो मान वर करायचा, डोळ्याचा पांढरा भाग उघडा पडायचा आणि अप्पा एकच शब्द बोलायचे, ‘हाय’ किंवा ‘न्हाई’. हाय म्हटलं की ताकात उगाळलेलं मूळ, डोक्यावर काड्यांची माळ आणि तेल-तिखट बंद. न्हाई म्हटलं की उठायचं आणि मागच्याला जागा द्यायची.

माळ मी आणि माय करायचो. एका वेलीच्या ओल्या काड्या बोटाएवढ्या तोडायच्या आणि दोऱ्याच्या सैल गाठींत एकेक अडकवायची. सुरुवातीला ती माळ टोपीसारखी जेमतेम डोक्यावर बसते. मग दिवसागणिक लांबत कानापर्यंत, गळ्यापर्यंत, छातीपर्यंत येते. कावीळ उतरली की माळ उतरते, असं लोक म्हणत आणि हात जोडत. काड्या वाळल्या की आक्रसतात, गाठ ढिली पडते आणि दोरा लांबतो, एवढंच त्यात होतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं आणि त्याचं कधी काही वाटलं नाही. बहुतेकांची कावीळ पथ्यानं आणि पडून राहिल्यानं आपली आपण जाते, हे मला फार पुढं एका नर्स मैत्रिणीनं सांगितलं. ज्यांची जात नसे त्यांना घरचे नांदेडला नेत आणि ते तिथं मरत. बरा झाला तो अप्पांचा, मेला तो दवाखान्याचा. अप्पा एका नारळापलीकडं कुणाकडून काही घेत नसत. पैशाचा लोभ त्यांना नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांना लोभ होता तो माणसांनी आपल्यापुढं मान वर करून बसण्याचा. पैशाच्या लोभाला निदान खिसा असतो, कधीतरी भरतो. याला तोही नव्हता.

औषधाचे दोन नियम आजोबांपासून चालत आलेले. मूळ कोणतं ते लेकीला सांगायचं नाही, सुनेला सांगायचं. लेक परक्या घरी जाते आणि विद्याही घेऊन जाते. आणि घरच्या माणसाला आपल्या हातानं औषध द्यायचं नाही, गुण येत नाही. पहिल्या नियमाचा मला लहानपणी फार राग यायचा. माळा मी करायच्या, ताक मी घुसळायचं, रोग्यांनी ओकलेलं मी धुवायचं आणि विद्या मात्र अजून न आलेल्या कुण्या बाईची. मग दादाचं लग्न झालं आणि ती बाई आली. संगीता वहिनी. सिद्धेश्वरच्या धरणाकाठची, सावळी, दणकट, मोठ्यानं हसणारी. माशाशिवाय तिला घास उतरत नसे आणि आमच्याकडं औषधापायी मांसमासळी वर्ज्य. अंबाडीच्या भाजीकडं ती अशी बघायची जशी काही भाजीनंच तिचं वाकडं केलं आहे. माहेराहून येताना साडीच्या घडीत सुकट लपवून आणायची. आम्ही दोघी मळ्यात गोठ्यामागं काटक्या पेटवून ती भाजायचो, शिळ्या भाकरीबरोबर खायचो आणि वास जावा म्हणून कच्चा कांदा चावत घरी यायचो. माय म्हणायची, कांद्याचं एवढं काय येड लागलंय पोरींनो. अप्पांनी वहिनीला मूळ दाखवलं त्याच दिवशी संध्याकाळी तिनं ते मला दाखवलं. ‘वन्सं, ही घ्या तुमच्या घराण्याची विद्या. आमच्याकडं ह्याला म्हशी बी तोंड लावत न्हाईत,’ असं म्हणून ती खो खो हसत सुटली. माझा इतक्या वर्षांचा राग त्या हसण्यात वाहून गेला. सख्ख्या बहिणीवर करावा तसा जीव मी तिच्यावर केला.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. हिंगोलीला नवे साहेब आले आणि पदवी नसताना औषध देणाऱ्यांना आत टाकणार, अशी आवई उठली. जडीबुटीवाले, हाडं बसवणारे, दमा उतरवणारे, सगळ्यांची धावाधाव सुरू झाली. वसमतला एक सभा बोलावली गेली. मी तेव्हा वसमतलाच कॉलेजात जात होते, म्हणून अप्पांनी मला शेजारी बसवून घेतलं. शिकलेली लेक शेजारी दिसली की वजन पडतं. व्यासपीठावर एक सरकारी साहेब होते आणि एक पदवीवाले वैद्य. वैद्यांचं म्हणणं सरळ होतं. झाडपाल्याला माझा विरोध नाही, मीही तोच देतो. पण पुडीत काय आहे, किती आहे आणि कुठं तपासलं आहे, ते बाहेर लिहा. बरा करतो असं म्हणायचं तर दाखवा. अप्पा उठले आणि म्हणाले की नाव सांगितलं की गुण जातो, आणि साहेबांच्या गोळ्यांची नावं तरी कोणत्या शेतकऱ्याला वाचता येतात. टाळ्या पडल्या. मग मागून नांदेडकडचा एक माणूस उठला. भर उन्हात गळ्यात टाय घालून फिरायचा, म्हणून लोकांनी त्याचं नावच टायवाला पाडलं होतं. तो ताकदीच्या पावडरीचे डबे विकायचा, आणि ज्यानं डबा घेतला त्यानं आणखी चौघांच्या गळ्यात मारायचा, अशी त्याची रीत होती. तो म्हणाला, ‘भाकरीला परवाना लागतो का, साहेब? ताकाला लागतो का? मग औषध म्हणायचंच कशाला? आहार म्हणा.’ साहेब कागद चाळत राहिले. सकाळी औषध घेऊन वसमतला गेलेले अप्पा संध्याकाळी आहार घेऊन घरी परतले.

आता पन्नाशीला टेकल्यावर टीव्हीवर याच वादाच्या चर्चा मी बघते. एक जण म्हणतो परंपरेची गळचेपी, दुसरा म्हणतो लोकांच्या जिवाशी खेळ, आणि मधल्या जाहिरातीत एक हिरो डबा हातात घेऊन हसतो. डब्याच्या मागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की हे औषध नाही. माझी लेक केसांसाठी कसल्याशा गोड गोळ्या खाते, त्यावरही तेच लिहिलेलं आहे. मी नियमाच्या बाजूची आहे. माझं कारण मोठं शास्त्रीय नाही. त्या वर्षी एखादा साधा शिपाई जरी दारात येऊन आमचा कार्यक्रम बंद पाडून गेला असता, तर वहिनी माहेरी गेली असती.

कार्यक्रम म्हणजे अप्पांच्या डब्याचा. टायवाल्यानं घरी येऊन, मायच्या हातचं पिठलं खाऊन अप्पांना पटवलं होतं की किती दिवस उंबऱ्यावर बसून एकेकाला देणार. डब्यात भरा, गावोगाव तुमचं नाव जाईल. नाव म्हटल्यावर अप्पा विरघळले. डब्यात दुधाची पावडर होती, पिठीसाखर होती, हिरवा रंग होता आणि शपथ घेता यावी एवढं मूळ होतं. ते अप्पांना ठाऊक होतं, कारण मूळ त्यांनीच मोजून दिलं होतं. विकण्यासाठी टायवाल्यानं एक वाक्य बनवलं: काविळीवाल्याच्या घरात कावीळ येत नाही, कारण हे घर रोज हेच पितं. ते कापडावर रंगवून चावडीसमोर टांगलं. कार्यक्रमात हे घर लोकांना दाखवायचं होतं. घरात दाखवण्याजोगी एकच वस्तू होती, दिवस गेलेली सून. तिला सातवा महिना लागला होता. मग ठरलं की तिची ओटी भरायची आणि डब्याचा नारळ फोडायचा, दोन्ही एकाच मांडवात.

ते हळदीचे दिवस होते. कढयांखाली जाळ, शिजलेल्या हळदीचा कोंदट गोडसर वास, आणि वाळलेली हळकुंडं घासणाऱ्या ढोलाचा दिवसभर खडखडाट. बोलायचं तर ओरडून. ढोलातून उडणारी पिवळी धूळ भाकरीवर बसायची, पाण्याच्या घागरीवर तवंग धरायची, नाकातून पिवळंच यायचं. मजूर बायांची नखं, टाचा, पदर, सगळं एका रंगाचं. अशा दिवसांत वहिनी जेवेनाशी झाली. उलट्या होत्या, पण त्या पोटुशीला असायच्याच. थकवा होता, पण काम कुणाला चुकलं होतं? एका दुपारी ढोल बंद होता आणि आम्ही हात धूत होतो. माझे हात राखेनं घासून उजळले. तिचे पुन्हा पुन्हा घासूनही तसेच राहिले. मग ती हळूच म्हणाली, ‘वन्सं, माझी लघवी बी चहासारकी व्हऊन राहिली.’ मी तिला उन्हात वळवलं आणि वर बघायला लावलं. लहानपणापासून ज्या घरात मी ते डोळे बघत आले होते, त्या घरात मला शिकवायची गरज नव्हती.

मी सरळ अप्पांकडं गेले. ते सुतळीनं पोत्याचं तोंड शिवत होते. वहिनीच्या डोळ्यांकडं एकदा बघा, असं म्हटलं. त्यांनी दाभण थांबवला नाही. ‘हळदीचे दिस हायत. सगळ्यायचेच डोळे पिवळे दिसून राहिले,’ म्हणाले. मी मायला सांगितलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि शेजारी ऐकतील म्हणाली. दादाला सांगितलं. माझा भाऊ उंचापुरा, बैलाला शिंगाला धरून वळवणारा, पण बापासमोर त्याचं शेपूट पायात. ‘अप्पायला इचार,’ एवढंच तो म्हणाला. त्या संध्याकाळी अप्पांनी वहिनीच्या वाटचं वरण फोडणी न देता बाजूला काढायला सांगितलं, तेल-तिखटाशिवाय. तिला जड पडत असंल, एवढंच कारण दिलं. माय आणि मी एकमेकींकडं बघितलं. काविळीचं पथ्य आम्हाला न सांगता ओळखता येत होतं. ज्या माणसानं अर्धा जिल्हा डोळ्यांत बघून तपासला, तो आपल्या सुनेकडं बघायचं टाळत तिचं पथ्य सुरू करत होता. मला त्या क्षणी बापाची किळस आली. ती पुढं कधीच गेली नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी त्यांनी मायला बोलावून सांगितलं, ‘तिला हळद जरा जास्तच लावा.’ ओटीच्या बाईला हळद लावतातच, कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मायनं ताटलीत भिजवलेली हळद वहिनीच्या कपाळाला, गालांना, मानेला, हातांना कोपरापर्यंत चोपडली. माय हळद लावत होती आणि रडत होती. बायका म्हणाल्या, सासूची माया बघा. हिरवी साडी, हिरवा चुडा आणि त्यात ती पिवळीजर्द पोर, मांडवात खुर्चीवर बसवलेली. तिची आई सिद्धेश्वरहून आली होती, टोपलीभर गूळ-खोबरं आणि लेकीसाठी नवं लुगडं घेऊन. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली आणि म्हणाली की तेज आलंय माझ्या लेकीला. सख्ख्या आईला कळलं नाही. हळदीच्या मुलखात हळद लावलेल्या बाईच्या अंगावर आणखी कोणता पिवळा शोधायचा? मग टायवाल्यानं डबा फोडला, पेल्यात हिरवं पाणी कालवलं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. वहिनीनं सगळ्या गावासमोर तो पेला रिकामा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवामागं जाईपर्यंत तिनं ओठ घट्ट मिटून धरले होते. तिथं मी तिची पाठ धरली आणि ती हिरवं ओकली.

कार्यक्रमानंतर तिच्या आईनं रीतीप्रमाणं विचारलं की पहिलं बाळंतपण आहे, लेकीला घेऊन जाते. वहिनी आईच्या पदराला चिकटून उभी होती. मला वाटलं, सुटली. सिद्धेश्वरला गेली तर आई तिला अंघोळ घालील, हळद धुतली जाईल, आणि मग ती बाई गप्प बसणार नाही. अप्पा गोड आवाजात म्हणाले, ‘ईनबाई, पुढच्या बाजारी वसमतला बी असाच कार्यक्रम हाय. तेवढा व्हऊ द्या, मग म्याच जीप करून धाडतो.’ मी पुढं होऊन म्हणाले की वहिनीला बरं नाही, आजच न्या. अप्पा हसले आणि पाहुण्यांना म्हणाले की नणंदेला भावजयीशिवाय करमेना, म्हणून रुसून उलटंच बोलती. सगळे हसले. मी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा दादानं माझा दंड इतका आवळला की वळ उठले. वहिनीची आई रिकामी टोपली घेऊन जीपमध्ये बसली. जाताना मला म्हणाली, जप माझ्या लेकीला.

वसमतचा कार्यक्रम झालाच नाही. त्याआधीच वहिनी झोपेत असल्यासारखी वागू लागली. भाकरी थापता थापता थांबायची आणि परातीकडं बघत राहायची. मला वन्सं न म्हणता धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागली, आणि जाळं ओढून घे, धरणाचं पाणी सोडून राहिले, असं सांगू लागली. तेव्हा दादा पहिल्यांदा बापाच्या पायांवर पडला, तुमीच औषध द्या म्हणाला. अप्पांनी नियम सांगितला. घरच्याला त्यांच्या हाताचा गुण येत नव्हता. मग दादानं नांदेडला नेऊ म्हटल्यावर त्यांनी जीप मागच्या बोळात लावायला सांगितली आणि तिच्या तोंडावरून पदर ओढायला लावला. समोर निंबाखाली शेजारगावचे दोन रोगी बसले होते, त्यांना दिसायला नको म्हणून. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिवा डोळ्यांवर धरला आणि विचारलं की हे किती दिवसांपासून आहे. मी सांगितलं. त्या बाई माझ्या अंगावरची पिवळी धूळ बघत राहिल्या. पोटातलं लेकरू आधी गेलं, मग ती गेली. शेवटपर्यंत मला तिच्या बहिणीच्या नावानंच हाक मारत होती आणि मी ओ देत होते.

टायवाला पुन्हा फिरकला नाही. चावडीवरचं कापड कुणीतरी काढून कडब्यावर टाकलं. गाव तोंडावर काही बोललं नाही, पण पाणवठ्यावर, जीपमध्ये, कुरुंद्याच्या बाजारात बोललं जात होतं. सून मेली याचं नव्हे. काविळीवाल्याला घरातली कावीळ दिसली नाही, त्याची नजर गेली, याचं. तेरावा झाला, सुतक फिटलं आणि रविवार आला. निंबाखाली माणसं होती, पण निम्मीच, आणि तीही कुजबुजणारी. अप्पा अंघोळ करून उंबऱ्यावर बसले. तेराव्याला आलेली वहिनीची आई अजून गेली नव्हती. ती ओसरीवरून उतरली, रांगेच्या शेवटी जाऊन बसली आणि तिच्यापुढची माणसं उठतील तशी सरकत राहिली. मायनं दोनदा हाक मारली, तिनं ऐकलं नाही. तोवर तिच्या मागंही माणसं येऊन बसली होती. तिची पाळी आल्यावर ती अप्पांच्या समोर मांडी घालून बसली आणि शांतपणे म्हणाली, ‘मला भांडायचं न्हाई, अप्पा. रडून झालं माझं. एवढंच सांगा, तुमाला दिसलं व्हतं का न्हाई?’

सगळी रांग अप्पांकडं बघू लागली. माझा बाप कसा होता, ते मला त्या थोड्या वेळात पुरतं कळलं. न्हाई म्हणाला असता, तर त्या बाईला घरी जाऊन देवाला दोष देता आला असता, दैवाला देता आला असता. पण मग रांगेला कळलं असतं की याला दिसत नाही. अप्पांनी तिच्याकडं नाही, तिच्या मागं बसलेल्या माणसांकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘दिसलं न्हाई असं कसं व्हईल, ईनबाई? पोरगी चुलीपुढं वाकली व्हती, म्या पान्याला आलतो. कार्यक्रमाच्या कितीतरी आधी. एका नजरंत वळखलं व्हतं म्या.’

रांगेतून कुणी उठून गेलं नाही. औंढ्याकडचा एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला की नजर हाय बाप्पा अजून, आणि त्या शेजारच्यानं मान हलवली. वहिनीची आई जमिनीला हात टेकून उठली आणि पदर सावरून फाटकाकडं चालू लागली. मागच्या माणसानं आपलं पोरगं उचलून तिच्या जागी आणून बसवलं.